चाव्यांचा जुडगा

प्रश्न : आमच्या मंडळीत तरुण संघ सांभाळणारा एक मुलगा आहे. वय तिशीच्या आतलं. दिवसा नोकरी, संध्याकाळी संघ. सात वर्षांत त्याने एकही रविवार चुकवला नाही. यंदा ईस्टर झाल्यावर दुसऱ्याच दिवशी तो पाळकसाहेबांकडे गेला. हॉलच्या, कपाटाच्या आणि कीबोर्डच्या पेटीच्या चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मला आता होत नाही." कारण विचारलं तर त्याला सांगता येईना. कुणी म्हणालं, विश्वास कमी पडला. कुणी म्हणालं, लग्न करून द्या, येईल ठिकाणावर. बुधवारच्या प्रार्थनासभेत त्याच्यासाठी विनंती घेतली. डोळे मिटल्यावर माझ्या मनात दोन प्रश्न आले. देवाचं काम करणारा माणूस असा विझतो तरी कसा? आणि त्याला नवं बळ मिळावं म्हणून प्रार्थना करायची, तर नेमकं मागायचं काय?
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : सलाम. तुमच्या पत्रातला तो जुडगा काही डोळ्यांपुढून हलत नाही. त्याच्याकडे शेवटी वळू. प्रार्थनेचा प्रश्नही शेवटीच घेतो, कारण दुखणं कळल्याशिवाय औषध मागण्यात अर्थ नाही.

विश्वास कमी पडला म्हणणाऱ्यांना १ राजे या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय वाचायला द्या. त्याआधी अठरावाही वाचू द्या, कारण खरी मेख त्या दोन अध्यायांच्या मधे आहे. अठराव्या अध्यायात एलीया कर्मेल डोंगरावर एकटा उभा आहे, समोर बालदैवताचे साडेचारशे संदेष्टे. आकाशातून अग्नी उतरतो, तीन वर्षांचा दुष्काळ संपून पाऊस पडतो, आणि हा गडी राजाच्या रथापुढे धावत इज्रेल गाठतो. यशाचं याहून मोठं शिखर कुठल्या सेवकाला मिळालं? पान उलटा. ईजबेल राणीची एक धमकी येते आणि तोच एलीया रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो.

आता देवाने काय केलं ते बघा. देवदूत आला तो उपदेश घेऊन आला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं घेऊन आला. एलीयाने खाल्लं आणि तो पुन्हा झोपला. दूताने त्याला झोपू दिलं, मग परत उठवून परत खाऊ घातलं. प्रवास, होरेब डोंगर, देवाची मंद वाणी हे सगळं त्यानंतरचं. त्या वाणीनेही त्याला "विश्वास का सोडलास" असं विचारलं नाही. त्याचं गाऱ्हाणं ऐकून घेतलं, तेही दोनदा, आणि मग पुढची कामं सांगितली. त्या कामांतच त्याच्या जागी येणारा अलीशा होता. भाकर, झोप, ऐकून घेणं आणि जोडीदार, हा क्रम लक्षात ठेवा. पुढे लागेल.

'बर्नआउट' हा शब्द आज ऑफिसांत सर्रास वापरला जातो, पण तो ऑफिसातून आलेला नाही. न्यूयॉर्कमध्ये गरिबांना फुकट उपचार देणारा एक दवाखाना होता. तिथे दिवसभराची प्रॅक्टिस आटोपून रात्री सेवा द्यायला येणारे एक मानसशास्त्रज्ञ होते, हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर. सोबतचे स्वयंसेवक महिन्यामहिन्याने कसे कोरडे पडत जातात हे त्यांनी पाहिलं, आणि स्वतःचंही तेच झालं. १९७४ साली त्यांनी यावर लेख लिहिला. त्यांचा निष्कर्ष तुमच्या मंडळीत मोठ्याने वाचून दाखवावा असा आहे : या आगीत आधी सापडतात ती मनापासून झोकून देणारी माणसं. कामचुकार माणूस कशाला जळेल? त्याच्यात आग असतेच कुठे?

पुढे क्रिस्टिना मास्लाक या अमेरिकी संशोधक बाईंनी या अवस्थेची तीन लक्षणं मांडली. पहिलं, आतून आटून जाणं. दुसरं, ज्यांच्यासाठी जीव टाकला त्या माणसांविषयीच कोरडेपणा, तुसडेपणा येणं. तिसरं, आपल्या हातून काहीच भलं होत नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या नव्या यादीत, म्हणजे १ जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या आयसीडी-११मध्ये, बर्नआउटचा उल्लेख आहे, पण आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्याने निर्माण होणारी स्थिती, अशी त्याची नोंद आहे. म्हणजे खोट शोधायची तर ती एकट्या माणसात शोधून भागत नाही. काम त्याच्यावर कसं पडत गेलं, तेही पाहावं लागतं.

आपल्या स्वयंपाकघरात यासाठी चांगली उपमा आहे. दूध उतू गेलं तर सगळ्या घराला कळतं. खाली लागलेलं दूध मात्र वरून पांढरं शुभ्रच दिसतं. साय धरते, वाफ येते, आणि चमचा तळाला नेला की कळतं. तुमचा तो मुलगा सात वर्षं वरून शुभ्र दिसत होता. चमचा तळाला कुणी नेला होता?

प्रश्न : पण दमणूक तर शिक्षकांना, नर्सना, एसटीच्या कंडक्टरलाही येते. तरुणांमध्ये सेवा करणाऱ्यांचं वेगळं असं काय?
— तेच वाचक

उत्तर : वेगळं काय ते शनिवारी रात्री साडेदहाला दिसतं. उद्याच्या गीतांचे कॉर्ड काढायचे बाकी आहेत. ढोलकवाल्याचा निरोप आलाय : "दादा, उद्या जमणार नाही, सोमवारी पेपर आहे." शिबिराच्या गाद्यांचे पैसे मंडपवाल्याला आज द्यायचे होते, ते राहिले. संघातल्या एका मुलीचा फोन सुरू आहे, घरी तिच्या मैत्रीबद्दल कळलंय आणि ती रडते आहे. ती शांत होते तेव्हा बारा वाजलेले असतात. फोन ठेवावा तर दुसरा मेसेज : "दादा, झोपलात का?" तरुणांत काम करणारा माणूस या तीन शब्दांना फार घाबरतो. कारण गेल्या महिन्यात असाच मेसेज आला तेव्हा समोरचा पोरगा खरोखर गच्चीच्या कठड्यापाशी उभा होता. एकदा तसं झालं की पुढचा प्रत्येक मेसेज उघडावाच लागतो.

कंडक्टरची ड्यूटी डेपोत संपते. या दादाची कुठे संपते? पाळकाला निदान वयाचं कवच असतं, पांढऱ्या झग्याचं अंतर असतं. दादा त्यांच्यातलाच, चारसहा वर्षांनी मोठा. त्याला अंतर ठेवता येत नाही आणि ठेवलं तर काम होत नाही. त्यात त्याच्या कामाचं फळ त्याच्या हाती राहत नाही. बारावी झाली की मुलं पुण्यामुंबईला जातात, नोकरी लागली की आखातात. तो दरवर्षी शून्यापासून सुरुवात करतो आणि वार्षिक सभेत त्याला विचारलं जातं, "यंदा संख्या का घटली?" मे महिन्यात व्हीबीएस म्हणजे मुलांची सुट्टीतली बायबल शाळा आणि शिबिर, डिसेंबरात कॅरलच्या फेऱ्या, नाताळचं नाटक आणि ३१ तारखेची मध्यरात्रीची उपासना. सगळ्या जगाची सुट्टी तेव्हा त्याचा हंगाम. मानधन मिळालंच तर पेट्रोलपुरतं.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. शिक्षक दमला तर चर्चमध्ये येऊन बसतो. तरुणांचा सेवक दमला तर कुठे जाऊन बसणार? विसाव्याची जागा तीच त्याच्या कामाची जागा. पवित्र शास्त्र उघडलं की आधी मनात येतं, यातून शुक्रवारचा धडा निघेल का. प्रार्थना करतो ती माइकवर. साक्ष द्यायची तर विजयाचीच द्यावी लागते. "या महिन्यात मला देव जवळ असल्यासारखं वाटलंच नाही," असं तो कुणासमोर म्हणेल?

बार्ना ग्रुप या अमेरिकी संस्थेने मार्च २०२२मध्ये तिथल्या प्रोटेस्टंट पाळकांची पाहणी केली. पूर्णवेळ सेवा सोडून देण्याचा विचार गेल्या वर्षभरात मनात आला होता, असं १००पैकी ४२ जणांनी सांगितलं. जानेवारी २०२१मध्ये हा आकडा २९ होता. असा विचार करणाऱ्यांनी दिलेल्या कारणांत कामाचा प्रचंड ताण सगळ्यांत वर होता आणि त्याच्या पाठोपाठ एकटेपणा. ही पाहणी तिथल्या पाळकांची, आपल्या तरुण संघांची नव्हे. पण हे दुसरं कारण आपल्याकडच्या दादा-ताईंना समजावून सांगावं लागणार नाही.

गंमत म्हणजे तरुणांची सेवा हे मुळात एका माणसाचं पद नव्हतंच. १८४४ साली लंडनमध्ये वायएमसीए सुरू केली ती कापडाच्या दुकानात काम करणाऱ्या जॉर्ज विल्यम्सने, वय वर्षं २२, आपल्यासारख्याच नोकरदार पोरांना जमवून. १८८१मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडला फ्रान्सिस क्लार्क या पाळकाने तरुणांची 'ख्रिश्चन एन्डेव्हर' ही संस्था काढली. तिचा सगळा डोलारा समित्यांवर उभा होता : नव्या मुलांवर लक्ष ठेवणारी एक, प्रार्थनासभेची एक, स्नेहमेळाव्यांची एक. काम पोरांनीच वाटून घ्यायचं. पगारी 'यूथ पास्टर' ही चाल अमेरिकेत रूढ झाली ती विसाव्या शतकात. आपल्याकडे पगार आलाच नाही. सगळं काम एकाच्या डोक्यावर टाकण्याची पद्धत मात्र आली.

प्रश्न : केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या १९०५च्या आध्यात्मिक जागृतीबद्दल मी लहानपणापासून ऐकत आलो. तिची ठिणगी वेल्समधून आली आणि तिथला पुढारी अगदी तरुण होता, असंही ऐकलं. त्याचं पुढे काय झालं हे मात्र कुणीच सांगत नाही. का?
— एक वाचक, दौंड तालुका

उत्तर : कारण गोष्टीचा उत्तरार्ध सभेत सांगायला अवघड आहे. आजच्या विषयाला मात्र तोच हवा होता, म्हणून तुमचं पत्र इथेच घेतलं.

त्याचं नाव इव्हान रॉबर्ट्स. जन्म १८७८, दक्षिण वेल्समधलं लाखर गाव. बाप कोळशाच्या खाणीत, आणि पोरगाही बाराव्या वर्षाच्या आसपास शाळा सोडून खाणीत उतरला. पुढे काही दिवस लोहारकामही शिकला. १९०४च्या वसंतात तो रोज मध्यरात्री एकला जागा होई आणि चार-चार तास प्रार्थनेत काढी, असं त्यानेच सांगितलं आहे. पाळक होण्यासाठी तो शाळेत दाखल झाला खरा, पण काही आठवड्यांतच गावी परतला. ३१ ऑक्टोबर १९०४च्या संध्याकाळी मोरायाह चॅपलमध्ये सभा संपल्यावर त्याने तरुणांना थांबायला सांगितलं. वीससुद्धा थांबले नाहीत. तिथून जे पेटलं ते काही महिन्यांत सगळ्या वेल्सभर गेलं. सुमारे एक लाख माणसं चर्चशी जोडली गेली, असा अंदाज नेहमी दिला जातो. खाणीतली घोडी कामच करीनात, कारण हाकणाऱ्यांनी शिव्या देणं सोडलं आणि जनावरांना हुकूम कळेना, ही कथा तिथे अजून सांगतात.

आता त्या पोराकडे पाहा. वय २६. रोज नवं गाव, पहाटेपर्यंत चालणाऱ्या सभा, दारात गर्दी, वर्तमानपत्रांचे बातमीदार. जानेवारी १९०५मध्ये एका पाळकाने वर्तमानपत्रात पत्र लिहून त्याच्यावर जाहीर टीकेची झोड उठवली. रॉबर्ट्सने उत्तर दिलं नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस नीथ गावी तो अचानक गप्प झाला. आठवडाभर एक शब्द बोलला नाही, काही सांगायचं तर कागदावर लिही. भक्तांना त्यात दैवी गूढ दिसलं. मला तिथे सगळं देऊन रिता झालेला एक मुलगा दिसतो. मग पुन्हा दौरे, पुन्हा गर्दी. १९०६मध्ये तो पार कोसळला. लेस्टरजवळच्या एका ख्रिस्ती दांपत्याने त्याला आपल्या घरी नेलं आणि तिथे तो वर्षानुवर्षं राहिला. तिशीही उलटली नव्हती. वेल्सच्या व्यासपीठावर तो पूर्वीसारखा पुढारी म्हणून पुन्हा उभा राहिला नाही. उरलेलं आयुष्य बहुतेक मध्यस्थीच्या प्रार्थनेत गेलं. जानेवारी १९५१मध्ये, वयाच्या ७२व्या वर्षी, कार्डिफला तो वारला. लाखरला त्याच मोरायाह चॅपलच्या आवारात त्याची कबर आहे.

त्याच्या प्रार्थनेत कमी होती असं कुणी म्हणू शकेल का? माझा प्रश्न वेगळाच आहे. लाखभर माणसं त्याच्यामुळे उभी राहिली, त्यांतल्या कितीजणांनी त्याला विचारलं असेल, "आज जेवलास का?"

आता केडगाव. वेल्सच्या बातम्या पत्रांतून आणि नियतकालिकांतून हिंदुस्थानात आल्या. खासी टेकड्यांत वेल्सचंच मिशन होतं, तिथे जागृती झाली. मुक्तीच्या संस्थापक पंडिता रमाबाईंनी १९०५च्या सुरुवातीला मुक्तीत प्रार्थनेचे गट बांधले. शेकडो मुली आणि बायका दिवसातून दोनदा जमू लागल्या आणि त्याच वर्षी जूनअखेर तिथे जागृती झाली. पण मुक्तीचा दिवस नुसत्या प्रार्थनेचा नव्हता. दुष्काळातून आणलेल्या मुलींचं ते घर. शेती होती, विहिरी होत्या, विणकाम होतं, छापखाना होता. जे हात सकाळी जोडले जात तेच दुपारी मागावर असत. वेल्समध्ये सगळ्या डोळ्यांपुढे एक चेहरा होता. मुक्तीत रमाबाईंचं नाव मोठं होतं खरं, पण भार उचलायला शेकडो खांदे होते. ही तुलना माझी आहे, इतिहासकाराची नव्हे. पण मला ती विसरता येत नाही.

प्रश्न : मी पॅरिशच्या युवा गटाचं काम पाहते. सध्या मुलांचे आवाज कानाला नकोसे होतात आणि मग स्वतःचीच लाज वाटते. प्रार्थनेला बसले की डोळ्यांसमोर कामांची यादी येते. थांबावंसं वाटतं, पण थांबणं म्हणजे पाचारणाला पाठ दाखवणं नाही का?
— एक वाचक भगिनी, वसई

उत्तर : ताई, तुम्हाला वाटते ती लाज सोळाशे वर्षं जुनी आहे. चौथ्या शतकात मिसरच्या वाळवंटात इव्हाग्रियस नावाचा संन्यासी राहत होता. भरदुपारी संन्याशाला काय होतं, ते त्याने टिपून ठेवलंय. सूर्य जागचा हलेनासा वाटतो. कोठडी नकोशी होते. कुणी भेटायला येतंय का म्हणून तो पुन्हापुन्हा दाराबाहेर डोकावतो. सोबतच्या बंधूंमध्ये प्रेमच उरलेलं नाही असं वाटायला लागतं. हे सगळं देवासाठी घरदार सोडलेल्या माणसांचं चाललं होतं. त्यांनी त्या अवस्थेला नाव दिलं, 'मध्यान्हीचा सैतान', आणि त्याबद्दल एकमेकांशी मोकळेपणाने बोलले. लंडनचे प्रख्यात उपदेशक चार्ल्स स्पर्जन यांनी तर आपल्या विद्यार्थ्यांपुढे सेवकांना येणाऱ्या खचलेपणावर एक अख्खं व्याख्यान दिलं. हजारोंच्या सभा गाजवणारा हा माणूस स्वतः वर्षानुवर्षं खिन्नतेशी झुंजत होता आणि त्याने ते लपवलं नाही. तुम्ही एकट्या नाही. ही वाट बरीच वहिवाटीची आहे.

पाचारणाचं म्हणाल तर मार्काचा सहावा अध्याय काढा. शिष्य गावोगाव फिरून परत आलेत, काय काय केलं ते उत्साहाने सांगताहेत. माणसांची ये-जा इतकी की जेवायला उसंत नाही. येशूने त्यांना पुढचा दौरा दिला नाही. एकांतात चला आणि थोडा विसावा घ्या, असं सांगितलं. ज्याने पाठवलं त्यानेच थांबवलं. मग थांबणं म्हणजे त्याला पाठ दाखवणं कसं?

थोडं रोजच्या व्यवहाराचंही सांगतो. रात्री अमुक वाजल्यानंतर संकटाचा फोन कुणी घ्यायचा, याची दोघातिघांत पाळी लावा. आठवड्यातला एक दिवस असा ठेवा की त्या दिवशी युवा गटातलं कुणी तुम्हाला फोन करणार नाही, आणि तो दिवस फादरनीच वेदीवरून जाहीर करावा. बायबल रोज थोडं तरी असं वाचा की त्यातून धडा काढायचा नाही. कामांची यादी डोळ्यांपुढे आली तर तीच हातात धरा आणि एकेक काम मोठ्याने वाचून दाखवा. देवाला याद्यांचं वावडं नाही.

आणि झोप उडाली असेल, आठवडेच्या आठवडे काहीही गोड लागत नसेल, जगणं नकोसं असल्याचा विचार एकदा जरी डोकावला असेल, तर प्रार्थना सुरू ठेवून डॉक्टरकडे जा. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, फुकट मिळते. हाड मोडल्यावर प्लास्टर घालताना आपण विश्वासाची चर्चा करत नाही. इथेही करू नका.

प्रश्न : मग बुधवारी डोळे मिटल्यावर आम्ही मागायचं काय?
— अहिल्यानगरच्याच वाचकांचा शेवटचा प्रश्न

उत्तर : मोशेचा एक प्रसंग तुम्हाला पाठ असेल. निर्गम, अध्याय सतरा. खाली यहोशवा अमालेक्यांशी लढतोय, टेकडीवर मोशे हात वर करून उभा आहे. हात वर असले की इस्राएलाची सरशी, खाली आले की अमालेक्यांची. पण हातच ते, भरून आले. तेव्हा अहरोन आणि हूर यांनी काय केलं? आधी एक दगड आणून मोशेखाली ठेवला आणि त्याला बसवलं. मग एक या बाजूला, एक त्या बाजूला, दोघांनी त्याचे हात धरले. सूर्य मावळेपर्यंत.

या प्रसंगावर मी लहानपणापासून बरीच प्रवचनं ऐकली. प्रत्येकात हात होते. दगडावर बोललेलं फारसं आठवत नाही. मोशेच्या प्रार्थनेला बळ यावं म्हणून त्या दोघांनी सगळ्यांत आधी त्याची बसायची सोय केली.

आमच्याही तरुण संघाला एक दादा होते. शिबिरात पंगत बसली की ते वाढायला उभे. सगळ्यांचं झालं की पातेल्याच्या तळाची खिचडी खरवडून, भिंतीला टेकून उभ्याउभ्याच खायचे. आम्हाला त्याचं फार कौतुक. "दादा कधी दमतच नाहीत!" असं आम्ही त्यांच्यासमोर म्हणायचो आणि ते हसायचे. एका वर्षी ते शिबिराला आले नाहीत, पुढे संघातही आले नाहीत. आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना केली, मनापासून केली. पण त्या सगळ्या वर्षांत "दादा, तुम्ही बसा, आज मी वाढतो," हे वाक्य आमच्यातल्या एकाच्याही तोंडून निघालं नव्हतं. आज वाटतं, ते वाक्य हीच आमची प्रार्थना असायला हवी होती.

म्हणून बुधवारी "प्रभू, त्याला पुन्हा उभारी दे, म्हणजे तो परत कामाला लागेल" असं मागू नका. ती प्रार्थना त्याच्यासाठी नसते, बंद पडलेल्या संघासाठी असते. एलीयाचा क्रम आठवा. आधी भाकर मागा : त्याला वेळेवर जेवण मिळो, घरच्यांसोबत मिळो. मग झोप मागा, रात्रभर न वाजणारा फोन मागा. मग ऐकून घेणारा कान मागा, सल्ला न देणारा. मग जोडीदार मागा. आणि तो चर्चच्या शेवटच्या बाकावर येऊन बसला, गायला नाही, बोलला नाही, तर त्याला तसंच बसू देण्याचा समजूतदारपणा आपल्यासाठी मागा. तो संघात परतला नाही, तरी तो तुमचाच राहील, हेही मागा. यातली निम्मी मागणी देवाला तुमच्याच हातून पुरी करावी लागेल, हे मागतानाच ध्यानात येईल.

अमेरिकेतली लिली एन्डाउमेंट ही धर्मादाय संस्था गेली पंचवीसएक वर्षं पाळकांना काही महिन्यांच्या विसाव्यासाठी अनुदान देते. त्यातली मला आवडलेली गोष्ट अशी : अर्ज पाळकाने एकट्याने करायचा नसतो, मंडळीने मिळून करायचा असतो, आणि पैशाचा काही भाग तो नसतानाच्या कामासाठी मंडळीला मिळतो. माणूस विसाव्याला गेला तर त्याचं काम कोण करणार, याची सोय लावल्याशिवाय विसावा मिळत नाही, हे त्यांनी ओळखलं. तुमच्या मंडळीकडे डॉलर नसतील. माणसं आहेत.

आता तो जुडगा. मोशेचा सासरा इथ्रो एकदा पाहुणा म्हणून आला. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसलेला त्याने पाहिला. सासऱ्याने जावयाला बऱ्यापैकी झापलं : अशाने तूही झिजशील आणि लोकही. मग त्याने काम हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नेमलेल्या माणसांत वाटून द्यायला लावलं. तुमच्या मंडळीत इथ्रोच्या वयाची माणसं असतीलच. तुम्हीही असाल कदाचित.

तर येत्या बुधवारी प्रार्थनेला बसण्यापूर्वी पाळकसाहेबांच्या टेबलावरचा तो जुडगा मागून घ्या. कडी जुनी असेल तर उघडताना नखाला लागेल, जपून उघडा. हॉलची चावी एकाकडे, कपाटाची दुसऱ्याकडे, कीबोर्डची तिसऱ्याकडे द्या. रिकामी कडी टेबलावर ठेवा आणि मग डोळे मिटा.